पक्षाघातानंतर व्हीलचेअर वापरणाऱ्या वडिलांना डिस्ने वर्ल्डला न्यावे का?

पक्षाघातामुळे वडिलांची उजवी बाजू अशक्त झाली आहे, आधार धरून त्यांना उभे राहता येते, चार पावले टाकता येतात, पण एरवी व्हीलचेअर लागते; पुण्याहून ते तुमच्याकडे अमेरिकेत येतील तेव्हा नातवंडांबरोबर त्यांना ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला न्यावे, की तेथे त्यांना दिवसभर नुसते बसून राहावे लागेल, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य न्या. पोलिओमुळे मी लहानपणापासून दोन्ही पायांनी अधू आहे, अटलांटात राहते आणि त्या उद्यानांत व्हीलचेअरवरून पुष्कळ फिरले आहे. त्या अनुभवावरून सांगते की ही सहल रांगेतल्या सवलतीमुळे किंवा भाड्याच्या खुर्चीमुळे साधत नाही. वडिलांना खुर्चीतून राइडच्या आसनावर आणि तेथून पुन्हा खुर्चीत किती सुरक्षितपणे हलवता येते, यावर बहुतेक सगळे ठरते.

याचे कारण असे की तेथील कर्मचारी कितीही आपुलकीने वागले, तरी पाहुण्याला उचलून आसनावर ठेवण्याची त्यांना परवानगी नसते. ते काम बरोबरच्या माणसालाच करावे लागते. म्हणून प्रत्येक राइडबाबत डिस्नेने आधीच जाहीर केलेले असते की येथे खुर्चीत बसूनच आत जाता येईल, की खुर्ची सोडून आसनावर बसावे लागेल, की स्वतःच्या पायांनी चालता येणे आवश्यकच आहे. ही माहिती संकेतस्थळावर आणि मोबाइल अ‍ॅपवर प्रत्येक राइडच्या नावाखाली मिळते. घरी बसून ती वाचा आणि त्यावरूनच कार्यक्रम आखा. किलिमांजारो सफारी, जंगल क्रूझ, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, टॉय स्टोरी मेनिया, लिव्हिंग विथ द लँड या ठिकाणी साध्या व्हीलचेअरसह आत जाता येते, कारण तेथे खुर्चीसाठी सोय केलेली निराळी वाहने किंवा नावा आहेत. सोअरिनसाठी आसनावर बसावे लागते, पण ते आसन साध्या खुर्चीसारखे असल्याने तुमच्या वडिलांना ते जमण्यासारखे वाटते. पीटर पॅन्स फ्लाइटमध्ये मात्र सरकत्या पट्ट्यावरून चालत जाऊन बसायचे असते, त्यामुळे ती सोडून द्यावी. 'अवतार' चित्रपटावर बेतलेल्या फ्लाइट ऑफ पॅसेजमध्ये मोटारसायकलवर बसल्यासारखे दोन्हीकडे पाय टाकून पुढे झुकावे लागते. एक पाय नीट उचलता येत नसेल, तर तो प्रकार फार अवघड जातो. वेगवान राइडबाबत त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा समजावा.

आता मुख्य गोष्ट. एका बाजूने अशक्त असलेल्या माणसाला सशक्त बाजूकडे सरकणे सोपे जाते. खुर्ची अशी लावायची की आसन त्यांच्या डाव्या हाताला येईल, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, पावले जमिनीवर नीट टेकवायची, आणि मग डाव्या हाताचा जोर घेऊन त्यांनी उठावे, अर्धवट वळावे आणि बसावे. तुम्ही त्यांच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरून उजव्या अंगाला उभे राहा. उजवा हात धरून मात्र कधीही ओढू नका, कारण पक्षाघातानंतर तो खांदा पुष्कळदा सैल झालेला असतो आणि ओढल्याने त्याला इजा होऊ शकते. हे बऱ्याच घरी रोज चालते. पण एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ज्या बाजूने माणूस आसनात शिरला त्याच बाजूने बाहेर पडायचे असेल, तर परतताना खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला येते आणि नेमके अशक्त अंगाकडे वळावे लागते. शिवाय राइडचे आसन बहुधा खोल आणि ठेंगणे असते, त्यामुळे उठणे बसण्यापेक्षा कठीण जाते, आणि मागे रांग खोळंबली आहे या विचाराने आपणही घाई करतो. म्हणून निघण्यापूर्वी पुण्यातच त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही दिशांनी हलण्याचा सराव करून घ्या. त्यासाठी ठेंगण्या मोटारीचे पुढचे आसन उत्तम. प्रत्येक राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्याला दोन प्रश्न विचारा: चढायला सोपे असे निराळे वाहन येथे आहे का, आणि उतरताना खुर्ची कोणत्या बाजूला आणून देता येईल? राइड मध्येच बंद पडली तर बाहेर कसे काढतात, हेही तेव्हाच विचारून घ्या.

याच कारणासाठी त्यांची नेहमीची खुर्ची बरोबर आणा. अमेरिकेला ये-जा करणाऱ्या विमानांत प्रवाशाची स्वतःची व्हीलचेअर विनाशुल्क नेली जाते, आणि हात ठेवायच्या दांड्या निघणारी ओळखीची खुर्ची असली की हलणे निम्मे सोपे होते. उद्यानाच्या दारात विजेवर चालणारी, चालू न शकणाऱ्यांसाठीची स्कूटर भाड्याने मिळते, पण ती मी सुचवणार नाही. वर सांगितलेल्या वाहनांत साधी व्हीलचेअर चालते, स्कूटर चालत नाही. शिवाय पक्षाघातात एका बाजूचे दिसणे किंवा तिकडचे भान कमी झालेले असेल, तर गर्दीत ती चालवणे धोक्याचे ठरते. अर्थात खुर्ची ढकलण्याचे कष्ट तुमच्या वाट्याला येतील: डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या उद्यानात केवळ तळ्याभोवतीची फेरीच जवळजवळ 2 किलोमीटरची आहे.

व्हीलचेअर असली की रांग टळते, असे तुम्हाला ओळखीच्यांनी सांगितले असेल. तसे आता नाही. रांगेबाहेर थांबण्याची डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस 2013 मध्ये सुरू झाली. 2024 पासून ती प्रामुख्याने ऑटिझमसारख्या कारणांमुळे फार वेळ रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. बहुतेक रांगांतून व्हीलचेअर जाते, म्हणून आपण सर्वांबरोबर रांगेतच थांबायचे. जेथे रांग अरुंद आहे किंवा पायऱ्या आहेत, तेथे परत येण्याची वेळ देतात. मला स्वतःला हे जाचक वाटत नाही, कारण मी बसलेलीच असते. पण वडिलांना वारंवार स्वच्छतागृहात जावे लागत असेल, तर लांब रांगा टाळणेच बरे. सोबतच्या माणसाला आत घेऊन जाता येईल अशी निराळी स्वच्छतागृहे सर्व उद्यानांत आहेत. नकाशावर ती सकाळीच पाहून ठेवा.

बस, मोनोरेल आणि फेरीबोट या सगळ्यांत खुर्ची जाते. स्कायलायनर या तारेवरून जाणाऱ्या वाहनाच्या पाळण्यांबद्दल तुम्हाला शंका वाटेल, परंतु व्हीलचेअरसाठी तेथे निराळी मार्गिका आहे आणि तीत पाळणा पूर्ण थांबवून माणसाला आत घेतात. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी असह्य उकाडा आणि गडगडाटी पाऊस ठरलेलाच असतो, तेव्हा शक्य असल्यास हिवाळ्यात जा. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र आहे. तेथे घटकाभर आडवे होता येते.

टेक्सासमधील सॅन अँटोनियोला जाणे होणार असेल, तर मॉर्गन्स वंडरलँड हे मनोरंजन उद्यान मुद्दाम पाहा. आपल्या विकलांग मुलीला इतर मुलांबरोबर खेळता यावे, या तळमळीतून गॉर्डन हार्टमन यांनी ते 2010 मध्ये उभारले आणि विकलांग व्यक्तींना तेथे प्रवेश विनामूल्य ठेवला. तेथील मेरी-गो-राउंडवर खुर्चीतच बसून फेरी घेता येते, आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या शेजारच्या जलउद्यानात पाण्यात चालणाऱ्या, दाबलेल्या हवेवरच्या व्हीलचेअर मिळतात. माणसाने खुर्ची सोडावी अशी अपेक्षा न ठेवता पाळणाच खुर्चीच्या मापाने घडवता येतो, हे मी तेथे पाहिले, आणि मोठ्या उद्यानांनीही तेवढी तसदी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

ऑर्लँडोत पहिला दिवस डिस्ने वर्ल्डमधल्या अ‍ॅनिमल किंगडम या उद्यानाला द्या आणि सकाळी सर्वांत आधी किलिमांजारो सफारी करा. ऊन चढण्यापूर्वी प्राणी बाहेर दिसतात, आणि वडिलांना खुर्ची न सोडता नातवंडांच्या सोबतीने ती सबंध फेरी घेता येईल. आसनावर हलण्याची पहिली वेळ दुसऱ्या दिवशी, एपकॉटमध्ये सोअरिनवर येऊ द्या.