ठसा, छाप आणि सराफाची खूण

जुन्या चांदीच्या रुपयांविषयी मराठीत लिहिताना ‘डाय’साठी (नाण्यावर आकृती उमटवणाऱ्या हत्यारासाठी) ‘साचा’ हा शब्द घ्यावा की ‘ठसा’, आणि नाण्यावर मागाहून उमटलेल्या बारीक फुल्या-चांदण्यांना काय म्हणावे, असा प्रश्न विचारला गेला आहे.

‘साचा’ येथे टाळावा. साच्यात धातू ओततात. रुपया मात्र दोन ठशांमध्ये चांदीची चकती ठेवून वरून घाव घालून, आणि पुढील काळात यंत्राने दाबून, तयार होत असे. मराठीत नाणी ‘पाडतात’, ओतत नाहीत. उलट, एखादा रुपया ओतीव वाटला की जाणकाराला पहिली शंका बनावटीची येते. त्यामुळे अस्सल नाण्याच्या वर्णनात ‘साचा’ शब्द वाचकाची दिशाभूल करतो.

‘ठसा’ या शब्दाची अडचण एवढीच की तो हत्याराला लावतात आणि त्याने उमटलेल्या आकृतीलाही. म्हणून हत्यार तो ठसा आणि नाण्यावर उमटते ती छाप, असा भेद काटेकोरपणे पाळावा, असे माझे मत आहे. ‘छापा की काटा’ म्हणणाऱ्यांना तो परका वाटणार नाही. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ठशात जे खोल, ते नाण्यावर उठून दिसते. ठशाला चीर गेली, तर दाबाखाली चांदी त्या चिरेत शिरते आणि नाण्यावर बारीक उंच रेघ येते. नाण्यावर मागाहून पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो. भिंगाखाली एवढे पाहिले तरी निम्मे प्रश्न सुटतात.

‘ठसाभेद’ हा शब्द फक्त ठशातच असलेल्या फरकांसाठी राखावा. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८६२ हेच साल पुढे १८७४ मध्ये प्रत्यक्ष पाडण्याचे साल घालण्याची पद्धत येईपर्यंत कायम राहिले. त्यांतील मुंबई टाकसाळीच्या नाण्यांवर बारीक टिंबे आढळतात आणि त्यांच्या संख्येवरून संग्राहक उपप्रकार लावतात. ती टिंबे ठशातली, म्हणून उठावदार. पेशवाईतील अंकुशी रुपयावरचा अंकुशही ठशातलाच. त्याला कोणी मागाहून मारलेली खूण समजू नये.

याउलट फुल्या, चांदण्या, ठिपके अक्षरांना छेदून खोल रुतलेले असतील, तर त्यांना ‘सराफी खूण’ म्हणावे. नाण्याची चांदी पारखणारे सराफ बारीक पंचाने, म्हणजे टोकावर आकृती कोरलेल्या ठोकणीने, अशा खुणा मारत. सरकारी खजिन्यात पारखीचे काम पोतदाराकडे असे. झिजलेल्या किंवा परमुलखातल्या रुपयावर सराफ जी वजावट घेत, ती ‘बट्टा’. ‘नावाला बट्टा लागणे’ म्हणताना आपण याच पेढीवरचा शब्द वापरतो. नाण्याच्या टिपणात मात्र झीज, खूण आणि ओरखडा यांची नोंद वेगवेगळी करावी, कारण ‘पृष्ठभागावर डाग’ असे मोघम लिहिले की टाकसाळीतले काय आणि बाजारातले काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही.