सोलापुरात जुन्या पद्मिनी गाडीच्या बॉडीचा रंग पत्र्यापर्यंत काढायला टॅक्ससह किती खर्च येईल?

आधी हिशोब. गाडीच्या दुरुस्तीकामावर जीएसटी 18% आहे, 9 केंद्राचा आणि 9 राज्याचा. समजा मजुरी 30,000 ठरली, तर 5,400 टॅक्स धरून 35,400 द्यावे लागतात. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या गॅरेजला नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल तर गॅरेजवाला जीएसटी लावूच शकत नाही. म्हणून भाव विचारताना "टॅक्स धरून की सोडून?" हे पहिल्यांदा विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

खरा खर्च मात्र रंगाखाली दडलेला असतो. माझ्या गाडीच्या दाराला रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) लावला, रंग सुरकुतून वर आला आणि खाली बोटभर जाड लांबी (खड्डे भरायची पुट्टी) निघाली. ती खरवडली तर पत्रा चाळणीसारखा! पत्र्याचं काम वेगळं लागलं, म्हणून थोडे पैसे हाताशी ठेवाच.

बॉनेट, टप, दारं यांवर सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार फवारा मारून रंग काढणं) करू देऊ नका, वाळूच्या माराने पत्रा लहरतो. तिथे रिमूव्हरच बरा. ब्लास्टिंग चासीसाठी, म्हणजे खालच्या जाड सांगाड्यासाठी ठीक. आणि उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा रंगाखालचा थर) मारून घ्या. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका.