आधी मृत्यू दाखल्याच्या दहा प्रती काढा

वडिलांच्या मागे कागदपत्रं तुमच्यावर आलीत, तर घाई करू नका. पहिल्या आठवड्यात एकच काम: मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली ना ते बघा आणि दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या. मी तीनच घेतल्या होत्या. पुढे दर महिन्याला नगरपालिकेत खेटे.

नवख्यांची खरी गफलत होते ती नॉमिनी, म्हणजे खातेदाराने पैसे घेण्यासाठी नाव दिलेला माणूस, या शब्दात. बँक नॉमिनीला पैसे देते, पण म्हणून तो मालक होत नाही. पैसे वारसांचेच, तो फक्त सांभाळणारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं. तेव्हा आईच्या खात्यात रक्कम आली की बहिणीला त्याच दिवशी सांगून टाका. भांडणं पैशापेक्षा लपवाछपवीने होतात.

गावी जमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. मुलींची नावं वगळू नका, 'ती काही मागणार नाही' म्हणून तर मुळीच नाही. तिला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरच्या सहीला किंमत नाही. अर्जानंतर फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात.

पॅनकार्ड मात्र लगेच रद्द करू नका. वडिलांचं शेवटचं प्राप्तिकर विवरणपत्र वारस म्हणून तुम्हालाच भरायचंय, परतावा आला तर तोही त्याच पॅनवर.