सायकलवाल्यांचे प्रश्न: गाड्या नसलेला रस्ता मराठवाड्यात सापडतो का?

सायकलीबद्दल काय विचारायचं ते विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर बहुतेक पत्रांत फिरून फिरून एकच गोष्ट, गाड्यांचा त्रास नसलेला आणि जरा बघायला बरं वाटेल असा रस्ता सांगा. आता खरं सांगायचं तर चोवीस तास मोकळा असा डांबरी रस्ता आपल्याकडं कुठंच नाही. पण तोच रस्ता मंगळवारी पहाटे वेगळा असतो आणि रविवारी अकराला वेगळा, म्हणून खालच्या उत्तरांत रस्त्याबरोबर वार, वेळ आणि महिना पण सांगायलोय, तेवढं नीट बघा.

वय ५४, बँकेत नोकरी, सिडकोत राहतो. कॉलेजनंतर आत्ता गिअरची सायकल घेतली. जालना रोडला एकदा गेलो आणि जीव मुठीत धरून परत आलो. वेरूळला जायची इच्छा आहे पण मुलं म्हणतात पप्पा नको. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

काका, मुलांचं निम्मं बरोबर आहे. सुरुवातीला वेरूळचं नाव काढू नका, पहाटे उठून सरळ विद्यापीठात जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर मोठा आहे, मागं डोंगर, त्याच डोंगरात औरंगाबाद लेणी, चढ-उतार आहेत पण दम काढणारे नाहीत आणि गाड्या हळू चालतात. फिरायला येणारे मात्र चौघं चौघं रस्ताभर पसरून गप्पा मारत चालतात, त्यांच्यावर घंटी आपटत बसू नका, ते तुमच्या आधीपासून तिथं येतात.

तिथं तासभर न थांबता चालवता यायला लागलं की मग दौलताबाद, साधारण १५ किलोमीटर. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर ओलांडलं की देवगिरी किल्ला समोर दिसायला लागतो. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळं त्या दिवशी टुरिस्ट बस आणि टॅक्स्या कमी, हा या रस्त्यावरचा सगळ्यात सोपा हिशोब. मंगळवारी बँकेला सुट्टी नसते हे मला पण कळतं, पण साडेपाचला निघालात तर किल्ल्याला शिवून साडेआठच्या आत घरी येता येतं. किल्ल्याजवळ जुना रस्ता दिल्ली दरवाजातून जातो, तिथं जागा अरुंद, मागून ट्रक येत असेल तर घुसू नका, बाजूला उभं राहून जाऊ द्या.

त्यापुढं घाट चढून कागजीपुरा, हाताने कागद बनवणारं गाव, मग खुलताबाद, मग उतरून वेरूळ. घाटात पहिल्यांदाच सगळ्यात हलका गिअर टाका, चढावर जोर लावत असताना टाकायला गेलात तर चेन उतरते. आणि ज्याचे पाय तयार झालेत त्यानं खुलताबादवरून म्हैसमाळला वळावं, १२ किलोमीटरच्या आसपास, वर उंची १०६७ मीटर म्हणजे शहरापासून जवळपास पाचशे मीटर वर, शेवटचा तुकडा चांगलाच उभा आहे. पावसाळ्यात तिथलं हिरवंगार बघण्यासारखं असतं पण शनिवार-रविवारी अख्खं शहर कार घेऊन वर जातं, तेव्हा मधला वारच बरा. श्रावणातल्या शुक्रवारच्या रात्री आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांनी हा सगळा रस्ता भरलेला असतो, तेव्हा सायकल घरीच ठेवा नाहीतर तुम्ही पण चालत जा. पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून येतं, जाताना छातीवर आणि येताना पाठीवर, म्हणून जाताना वेळ जास्त लागला तर घाबरू नका.

आम्ही पैठण तालुक्यातले चौघं मित्र. दोघांच्या रोडबाईक, दोघांच्या साध्या. पैठण रोडवर ट्रकमुळं मजा येईना गेलीय. कालव्याच्या कडंनं जावं का? (महाविद्यालयीन विद्यार्थी)

जावा की, तुमच्याइतकं नशीब बाकीच्या जिल्ह्यांचं नाही! जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२, डावा जालना-परभणीकडं जातो, उजवा बीडकडं. कालव्यातलं पाणी पंपाने नाही, आपल्या आपण वाहत जातं, त्यामुळं कालवा कायम अगदी बारीक उतारावर ठेवलेला असतो आणि टेकाड आलं की त्याला वळसा घालून जातो. म्हणून त्याच्या कडंचा सर्व्हिस रोड इतका सपाट असतो आणि इतका वळणावळणाचा. नवशिक्याला यापेक्षा सोपं काही नाही.

पण तो रस्ता बऱ्याच ठिकाणी मुरमाचा, मध्ये खड्डे, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. रोडबाईकवाल्यांचे २५ एमएमचे टायर तिथं टिकणार नाहीत, ३५ च्या वरचे पाहिजेत, म्हणजे या वाटेवर तुमच्यातले साध्या सायकलवालेच पुढं राहणार, होऊ द्या एकदा. पाऊस पडल्यावर दोन दिवस जाऊच नका, काळी माती चाकाला चिकटत चिकटत फोर्कमध्ये इतकी बसते की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे, कुठं फाटक किंवा बोर्ड असेल तर विचारून जा, शेतकऱ्याची मोटरसायकल आणि म्हशींना आधी वाट द्या.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. आवर्तन म्हणजे शेतीचं पाणी सुटलेलं असताना बाटली भरायला, तोंड धुवायला कालव्यात उतरायचं नाही. अस्तरीकरणाचा उतार शेवाळलेला असतो, पाय घसरला की धरायला काही नसतं आणि पाणी वरून शांत दिसलं तरी ओढ असते. पोहता येणारे पण त्यात बुडतात. पाणी घरून न्या.

जायकवाडी धरणाच्या भिंतीचं पण बरेच जण विचारतात. दहा किलोमीटरच्या आसपास लांब मातीची भिंत, २७ दरवाजे, १९६५ ला शास्त्रीजींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन, सायकल चालवायला स्वप्नासारखी जागा आहे खरी, पण परवानगीशिवाय वर जाता येत नाही आणि ते बरोबरच आहे. नाथसागर म्हणजे धरणाचा जलाशय, त्याच्या काठच्या गावांमधून थंडीत फिरा, पक्षी अभयारण्य आहे, नशीब असेल तर रोहित म्हणजे फ्लेमिंगो पण दिसतील.

समृद्धी महामार्गावर सकाळी सकाळी कोणीच नसतं, जालन्यातून चढून थोडं जाऊन यावं का? (एक वाचक, जालना)

नाही. ७०१ किलोमीटरमध्ये कुठंच नाही. सायकल, मोटरसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर सगळ्यांना बंदी आहे, गाड्या १२० नं येतात आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर झोप लागलेल्या ड्रायव्हरला तुम्ही दिसणार नाही. काम चालू असताना लोक फोटो काढून आले ते दिवस गेले. समृद्धीखालच्या बोगद्यांतून गावाकडं जाणारे छोटे रस्ते बघा, ते चांगले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा बारावीला. तिघांना मिळून चालवायचंय, मला स्वतःला नीट येत नाही. (एक आई, परभणी)

ताई, तुमच्याकडं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, झाडी आहे, शेतं आहेत, आतल्या रस्त्यांना गाड्या कमी. गेटवर विचारा कुठल्या वेळेत सोडतात. तुमच्या सायकलचं सीट सुरुवातीला इतकं खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही तळवे टेकतील, दुकानदार उंच करून देतो ते नंतर. पेडल मारायच्या आधी नुसतं पायाने ढकलत हलक्या उतारावर तोल धरायला शिका, दोन-चार सकाळी लागतात. जाताना मुलगा पुढं, मुलगी मधे, तुम्ही मागं. आणि मुलीला मोठं झाल्यावर पण होईल म्हणून मोठी सायकल घेऊ नका, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत आणि मग मुलं पायाने थांबवायला बघतात. ओढणी चेनकडच्या बाजूला लोंबू देऊ नका.

लहानपणी पोलिओ, डाव्या पायात ताकद कमी. मिसेस चालवते, तिच्यासोबत जायचंय. तीनचाकी घ्यावी की बॅटरीची? (एक वाचक, नांदेड)

तोल राहत असेल तर बॅटरीची. तीनचाकी ऐकायला सेफ वाटते पण पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला दोन्ही कडांना उतार दिलेला असतो, दोन चाकांवर तो कळत नाही, तीन चाकांवर अंग सारखं डावीकडं ओढलं जातं, वळणावर जोरात गेलं तर आतलं चाक उचलतं. तोल अजिबातच राहत नसेल तर अर्थात तीनचाकीच, पण हळू आणि सपाट जागी.

बॅटरीची घेताना मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग २५ च्या आत आहे का हे कागदावर बघा, तसं असेल तर लायसन्स, नंबरप्लेट काही लागत नाही, वरचं असेल तर ती कायद्यानं सायकल राहत नाही, दुकानात काही का सांगेनात. पेडल मारलं की मदत करणारी घ्या, म्हणजे उजवा पाय काम करतो आणि डाव्याला पण जमेल तेवढा व्यायाम होतो. डाव्या पेडलला रुंद पट्टा लावून घ्या, पाय घसरणार नाही, पण पट्टा ओढताक्षणी सुटणारा पाहिजे. उतरताना नेहमी उजवा पाय टेकायची सवय लावा. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. जागा म्हणाल तर विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा परिसर, तिथं चढ आहेत पण मोटर कशाला घेतली मग! तिथपर्यंत लातूर रोडनं चालवत जाऊ नका, सायकली टेम्पोत टाकून न्या.

धाराशिवहून नवरा-बायकोला एका सकाळचा रस्ता सांगा, सोलापूर हायवे नको. (एक वाचक)

तेर. साधारण वीस किलोमीटर, ज्वारी-सोयाबीनच्या रानांतून. गोरोबाकाकांचं मंदिर आहे, त्रिविक्रमाचं जुनं विटांचं देऊळ आहे, लामतुरे यांच्या संग्रहाचं म्युझियम आहे, दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर नावाचं व्यापारी गाव होतं, रोमशी व्यापार चालायचा. गाव तेरणेच्या काठी म्हणजे खालच्या अंगाला, जाताना उतार गोड लागतो आणि येताना ऊन आणि चढ एकदमच भेटतात, त्यामुळं मार्चनंतर नऊच्या आत परतीला लागा. कार्तिकात-मार्गशीर्षात जाल तर सगळ्यात छान.

ऊस सुरू झाला की आमच्याकडं रस्त्यावर जाता येत नाही, आणि वर्षभर पंक्चर. (एक वाचक, माजलगाव)

दिवाळीपासून मार्चपर्यंत साखर कारखान्याच्या वाटेवर अंधारात जायचंच नाही, उजाडल्यावर निघा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात हे लक्षात ठेवा, पहिली गेली म्हणून आत वळलात की दुसरी येते आणि तिची मागची बाजू वळणावर आत येते. मागं लाल लाईट दिवसा पण चालू ठेवा. ट्रॉलीला धरून फुकट जाणारी पोरं दिसली तर त्यांना दोन शब्द बोला.

पंक्चरचं कारण म्हणजे सराटे आणि वेडी बाभूळ. पावसाळा संपला की सराटे वाळून रस्त्याच्या कडंला पडतात, म्हणून अगदी कडंनं न जाता डांबरावर हातभर आत चालवा. सराट्यातून गेलात असं वाटलं की थांबून टायर झटका. ट्यूब बदलताना नवीन टाकायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा तिथंच असतो आणि लोक त्याच्यावरच दुसरी ट्यूब चढवतात. गावोगाव पंक्चरवाला मिळतो हे खरंय, पण तुमच्या ट्यूबला पातळ प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्याची हवेची नळी बसत नाही, तो छोटा पितळी अॅडॉप्टर मिळतो तो व्हॉल्व्हला लावूनच ठेवा, आणि हवा त्याला भरू न देता स्वतः थोडी थोडी भरा, मोटरसायकलच्या सवयीनं तो एकदम सोडतो आणि पातळ ट्यूब फटकन फुटते.