आखाजीला रुसलेलं बाळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, भर दुपारी फोन आला. अमळनेरजवळच्या गावात माहेरपणाला आलेली लेक. तिला आपण मनीषा म्हणू. "मॅडम, बाळाने अंगावरचं सोडलं. आठच महिन्यांचा आहे. कालपासून जवळ घेतलं की पाठ ताणतो, किंचाळतो. माझं दूध खराब झालं का हो?"

मागून तिच्या आजीचा आवाज आला, "पोऱ्यानी सोता सोडी दिन्हं, आते कसाले रडस?"

आजीचं हे उत्तर मी बऱ्याच घरांत ऐकलंय. सोडलं तर सोडलं, सुटलीस एकदाची. पण वर्षाच्या आतलं मूल असं एका दिवसात आपणहून सहसा दूध सोडत नाही. खरोखर सोडणारं मूल हळूहळू सोडतं. आधी दुपारचं विसरतं, काही आठवड्यांनी सकाळचं, आणि त्याची त्याला खंत नसते. मनीषाचा मुलगा भुकेला होता आणि चिडलेला होता. तो रुसला होता.

रुसव्याचं कारण शोधायला मी नेहमीचे प्रश्न विचारले. ताप आहे का? कान ओढतो का? तोंडात, गालांच्या आतून पुसलं तरी न निघणारे पांढरे डाग आहेत का? नवा साबण, बाम, अत्तर काही लावलंस का? पाळी आली का? स्तनात गाठ, लाली आहे का? (स्तनाला सूज आली की दूध खारट लागतं, आणि लेकरू तोंड वळवतं.) सगळ्याला नाही. मग जरा थांबून ती म्हणाली, "काल चावला. खालचे दोन दात आलेत. मी इतकी जोरात ओरडले की झोक्यावरच्या पोरीसुद्धा धावत आल्या."

शिवाय रात्रभर कूलरचा झोत अंगावर, त्यामुळे नाक चोंदलेलं. नाक बंद असलं की मुलाला एकतर दूध ओढता येतं, नाहीतर श्वास घेता येतो. त्यात घरात पंधरा माणसं, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा धूर, बाळ या कडेवरून त्या कडेवर. दचकला, दमला आणि आईपासून तुटला.

मी विचारलं, "रात्री झोपेत प्यायला?" "हो, पहाटे थोडासा. पण जाग आली आणि सोडलं." तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

आधी बालरोगतज्ज्ञांकडे कान आणि तोंड दाखवून घ्यायला सांगितलं. कानात काही नव्हतं. नाकासाठी त्यांनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. दूध आटू नये आणि छाती दाटू नये म्हणून तो एरवी ज्या वेळी प्यायचा, त्या वेळी हाताने काढायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. बाटली नको, तिथे ओढायला कष्ट कमी, मग रुसव्याला निमित्तच मिळतं. काढलेलं दूध चार तास बाहेर टिकतं म्हणतात, ते पंचवीस अंशांच्या खोलीत. आपल्याकडे आखाजीला पारा चाळिशीच्या वर, म्हणून काढलं की थेट फ्रीजमध्ये. लघवी दिवसातून किती वेळा होते ते मोजत राहायचं. सहाच्या खाली गेली किंवा बाळ मलूल वाटलं, तर लगेच डॉक्टर.

आणि जबरदस्ती अजिबात नाही. डोकं धरून छातीला लावलं की रुसवा वाढतो. अंधाऱ्या खोलीत, उघड्या अंगाने, नुसतं छातीवर घेऊन पडून राहायचं. तो पेंगला की हळूच जवळ करायचं.

दुसऱ्या दिवशी भावाने पावडरचा डबा आणला. सासूबाईंनी फोनवरून म्हशीचं दूध सुचवलं. वर्षाच्या आत म्हशीचं किंवा गाईचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नये, त्यात लोह फार कमी असतं. डब्याबद्दल मी एवढंच म्हटलं, आधी त्यावर काय छापलंय ते वाच. 1992च्या कायद्याने आईचंच दूध बाळाला सर्वोत्तम हे त्याच डब्यावर छापावं लागतं. काढलेलं दूध पुरत नसतं, तर मी तो डबा डॉक्टरांना विचारून उघडायलाही सांगितलं असतं. तिचं पुरत होतं.

प्रत्येक वेळी रुसवाच असतो, असं मात्र नाही. काही वर्षांपूर्वी चाळीसगावची एक आई चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. मी तिलाही अंधारी खोली, उघडं अंग, सगळं सांगून आठवडाभर राबवलं. मुलगी हसायची, छातीवर थोपटायची आणि वरणात कुस्करलेली कळण्याची भाकरी मागायला पळायची. पाळीचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. आई पुन्हा गरोदर होती. गरोदरपणात दूध कमी होतं, चव बदलते, आणि पुष्कळ मुलं तेव्हा आपणहून सोडतात. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तिलाही तिथवर पाजायचं होतं. ती आठवडाभर स्वतःला दोष देत राहिली, त्यात माझाही वाटा होता. तिला हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी तिच्याजवळ बसून तिला रडू द्यावं.

मनीषाचा मुलगा चौथ्या रात्री झोपेत नीट प्यायला, पाचव्या दिवशी जागेपणी. बहुतेकांचा रुसवा दोन-चार दिवसांचा असतो, कधी आठवडा-दहा दिवसांचा.

सासरी परतण्याआधी तिचा फोन आला. "आता चावला तर?"

मी सांगितलं, ओढत असतो तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर असते, तेव्हा चावता येत नाही. पोट भरत आलं, खेळायला लागला, की चावतो. ओढणं थांबलं की ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवून घे. आणि ओरडू नकोस.

"ओरडणार तर मी," ती म्हणाली. "पण हळू."