रोटाव्हायरसचे सगळे डोस झाले तरी बाळाला जुलाब लागले, मग लस फुकट गेली का?

नाही, फुकट गेली नाही; ही लस प्रत्येक जुलाब थांबवत नाही, बाळाला सलाईन लागण्याइतका गंभीर आजार टाळते. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मारतो, त्यामुळे पाणी आणि क्षार शोषले जात नाहीत. नैसर्गिक संसर्ग एकदा होऊन गेला तरी तो पुन्हा होतो, पण सहसा पहिला सर्वांत जोरदार असतो. तोंडावाटे दिलेले कमजोर केलेले विषाणू त्या पहिल्या खेपेची जागा घेतात. शिवाय नोरोव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस किंवा जिवाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांवर या लशीचा काहीच परिणाम नाही, आणि नुसत्या शीवरून कारण ओळखता येत नाही.

आत्ता महत्त्वाचं म्हणजे पाणी भरून काढणं:
- ओआरएसचं अख्खं पाकीट, त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात. अंदाजाने अर्धं पाकीट टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं.
- दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू.
- अंगावरचं दूध चालूच ठेवा.

टाळू खोल गेली, सहा तास शू नाही, बाळ मलूल पडलं, तर लगेच दवाखाना गाठा. एक अपवाद लक्षात ठेवा: डोसनंतरच्या आठवड्याभरात बाळ थांबून थांबून कळवळून रडत पाय पोटाशी घेत असेल किंवा शीतून रक्त येत असेल, तर आतड्यात आतडं अडकल्याची शक्यता असते. हे फार क्वचित घडतं, पण त्यात घरी वाट पाहायची नाही.