म्हैस, बगळा आणि कॅमेऱ्याची खोड

गेल्या महिन्यात आम्ही म्हटलं कॅमेऱ्याबद्दल काय विचारायचं ते बिनधास्त विचारा, तर निम्म्याहून जास्त जणांनी "कुठला कॅमेरा घेऊ" एवढंच विचारलंय. ते सगळे प्रश्न सध्या बाजूला ठेवलेत. या वेळी फक्त ज्यांच्या घरात कॅमेरा ऑलरेडी आहे आणि तो ऑटोवरून हलायचं नाव घेत नाही, त्यांचेच प्रश्न.

प्रश्न : मुलगा परदेशी गेला, जाताना त्याचा डीएसएलआर मला देऊन गेला. वय ६४, शाळेत गणित शिकवायचो. ऑटोवर फोटो बरे येतात पण डायल एमवर नेली की एकदम काळे नाहीतर पांढरेफटक. दुसरं म्हणजे एफचा आकडा वाढवला की छिद्र लहान होतं असं पुस्तिकेत लिहिलंय, हे उलटं कशासाठी? — एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण तो तुमच्याच विषयातला आहे. हा आकडा छेदातला आहे, वरचा नाही. एफ/४ म्हणजे छिद्राची रुंदी लेन्सच्या फोकल लेंग्थचा (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) चौथा भाग, एफ/८ म्हणजे आठवा, एफ/१६ म्हणजे सोळावा. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर पावशेर, अदपाव आणि छटाक. आता छटाक पावशेरापेक्षा लहान का, असं कोणी तुम्हाला विचारलं तर तुम्ही त्याला बाकावर उभा कराल ना? ५० मिमीची लेन्स धरली तर एफ/४ ला छिद्र साडेबारा मिमी रुंद, एफ/८ ला सव्वासहा आणि एफ/१६ ला जेमतेम तीन. पण रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून प्रकाश निम्मा निम्मा करत उतरायचं तर मधे ५.६ आणि ११ घालावे लागतात. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही मालिका नीट बघा, प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे, म्हणजे दोनाचं वर्गमूळ. लेन्सवर कोरलेल्या त्या विचित्र आकड्यांचं गूढ एवढंच.

आता काळा-पांढरा. फोटोत किती उजेड यायचा ते तीन गोष्टींवर ठरतं: छिद्र केवढं (ॲपर्चर), ते किती वेळ उघडं (शटर स्पीड), आणि आत आलेल्या उजेडाला कॅमेऱ्याने किती फुगवायचं (आयएसओ). आयएसओ म्हणजे रेडिओचा व्हॉल्यूम समजा, लांबच्या स्टेशनसाठी वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, फोटोत ती खरखर दाण्यांसारखी दिसते. ऑटोवर हे तिन्ही कॅमेरा बघतो, एमवर एकही बघत नाही. तुम्ही गॅलरीत उन्हात सेटिंग लावलं आणि तसेच आत देवघरात आलात तर काळाच येणार, त्यात कॅमेऱ्याची चूक नाही.

म्हणून एक महिना डायल फक्त एवर (ॲपर्चरचा मोड) ठेवा, कॅनन असेल तर तिथे एव्ही लिहिलेलं असतं. (त्याच्या शेजारचं टीव्ही म्हणजे टाइम व्हॅल्यू, शटरचा मोड. घरच्यांना वाटतं कॅमेऱ्यात चॅनल दिसतात.) आयएसओ ऑटो करा, जास्तीत जास्त ३२०० अशी मर्यादा घाला. आता तुमच्या हातात एकच चाक उरलं, छिद्राचं. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स असेल तर ती ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर न्या, तुळशीच्या कुंडीपासून दोन-तीन पावलांवर बसा आणि तोच फोटो ५.६ ला एक, १६ ला एक असा काढा. तुळस दोन्हीत सारखीच येईल, मागची भिंत बघा. पहिल्यात ती धूसर असेल, दुसऱ्यात पुष्कळच स्पष्ट. एवढं डोळ्यांनी बघितलं की ॲपर्चर आलं, मग कोणाचा व्हिडिओ बघायची गरज नाही. फक्त १६ ला शटरच्या आकड्यावर लक्ष ठेवा, ५५ वर असताना तो १/१०० च्या खाली घसरायला लागला की हात हलल्याचं फोटोत दिसू शकतं.

आणि "एमवर काढत नाही तो कसला फोटोग्राफर" असं म्हणणारा एखादा मित्र प्रत्येकाला असतोच, त्याला चहा पाजा आणि सोडून द्या. मी स्वतः चुलतभावाच्या लग्नात सगळं एमवर घोकून गेलो होतो, ॲपर्चर, शटर, आयएसओ, काही काही सुटायला नको म्हणून आरशासमोर प्रॅक्टिस केलेली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. आदल्या रात्री घरच्यांचा ग्रुप फोटो काढला होता, तो दहा सेकंदांचा टायमर तसाच राहिला होता. दहा सेकंदांत हार घालून झाले, अक्षता डोक्यावर पडून झाल्या आणि माझ्या फोटोत कोणाच्या तरी मामांची पाठ आली. तेव्हापासून कॅमेरा चालू केला की आधी एक फुकटचा फोटो काढतो, चपलांचा का होईना.

प्रश्न : कृष्णाकाठी शेत आहे, म्हशींवर बगळे बसतात त्यांचे फोटो काढतो. एकटा बगळा मोठा दिसेल असा काढला तर तो मळकट राखाडी येतो, आणि म्हशीच्या पाठीवरचा काढला तर चुना फासल्यासारखा, पिसं दिसतच नाहीत. बगळा तोच, ऊन तेच. कॅमेरा बिघडलाय का? — एक शेतकरी वाचक, वाळवा तालुका

उत्तर : दादा, या वेळचा सगळ्यात भारी प्रश्न तुमचा! कॅमेरा ठणठणीत आहे, ही त्याची जन्माची खोड आहे.

त्याला बगळा म्हणजे काय, म्हैस म्हणजे काय हे माहीत नसतं. चौकटीतून किती उजेड येतोय तेवढं तो मोजतो आणि समजून चालतो की जगात सगळं मिळून सरासरी मध्यम करडं असतं. (नव्या कॅमेऱ्यांत थोडी जास्त अक्कल घातलीय, पण खोड मुळातून गेलेली नाही.) घर, अंगण, झाड, माणसं अशा फोटोत हा हिशोब जमून जातो. पण एकट्या बगळ्याने चौकट भरली की त्याला वाटतं बापरे केवढा हा उजेड, कमी करा, आणि पांढऱ्याचा करडा होतो. म्हशीने चौकट भरली की त्याला वाटतं अंधार आहे, वाढवा. म्हैस करडी होते, आणि तिच्या पाठीवर बसलेला बगळा मूळचाच पांढरा, त्यात हा वाढवलेला उजेड, म्हणून चुना. तुमचे दोन्ही फोटो एकाच खोडीचे दोन नमुने आहेत.

यावरचा इलाज म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. नाव लांबलचक आहे पण कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेलं छोटं बटण शोधा, बहुतेक ठिकाणी ते दाबून धरून चाक फिरवायचं असतं. पूर्ण ऑटोवर हे सहसा चालत नाही, डायल पी (छिद्र आणि शटर कॅमेराच ठरवतो तो मोड) किंवा एवर आणा. एकटा बगळा असेल तर +१. एकटी म्हैस असेल तर −१. म्हणजे कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा हे खरंच पांढरं आहे, हे खरंच काळं आहे, तू तुझी अक्कल चालवू नकोस.

म्हशीवर बगळा असेल तेव्हा दोघांचं एकदम भागत नाही, तिथे बगळ्याची बाजू घ्यायची, −१ किंवा अगदी −१.३ सुद्धा. कारण असं की म्हैस थोडी गडद राहिली तर नंतर फोनवर वा कॉम्प्युटरवर तिला उजळता येतं, पण बगळ्याची पिसं एकदा पूर्ण पांढरी होऊन गेली की तिथे काही नोंदलेलंच नसतं, कितीही ओढाताण करा, काय नाही ते कुठून आणणार. कॅमेऱ्याच्या मेनूत हायलाइट अलर्ट नावाचं काहीतरी असतं, ते चालू केलं की फोटो बघताना असे जळालेले भाग लुकलुकतात. बगळा लुकलुकला की आणखी खाली या. आणि शक्य असेल तर सकाळी आठच्या आत काढा, बाराच्या उन्हात मीसुद्धा काढत नाही.

पावसाळ्यात गडावर धुक्याचे फोटो मळके येतात, दिवे घाटातली पांढऱ्या कपड्यातली वारी मातकट दिसते, काळ्या फळ्यासमोर उभी पोरं पांढरीफटक येतात, हे सगळं याच जातीतलं. गड आणि वारीला +०.७ ते +१, फळ्याला उणे. फक्त काम झालं की तो आकडा परत शून्यावर आणा, बऱ्याच कॅमेऱ्यांत बंद करून चालू केला तरी तो तसाच राहतो आणि मग दुसऱ्या दिवशी बारशाचे सगळे फोटो उतू गेल्यासारखे येतात.

प्रश्न : मुलीच्या स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून फोटो काढले. फ्लॅश लावला तर पुढच्या काकांचं टक्कल चमकतं आणि स्टेज काळं, फ्लॅश काढला तर सगळ्या मुली भुतासारख्या हललेल्या. पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम आहे, प्लीज लवकर सांगा. — एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी तो फ्लॅश मिटवून टाका. कॅमेऱ्यातला चिमुकला फ्लॅश कमी आयएसओवर तीन-चार मीटरपर्यंत पोचतो, दहाव्या रांगेतून स्टेजवर पोचायची त्याची ताकद नाही, काकांच्या डोक्यापर्यंत होती तेवढी त्याने दाखवली.

डायल एसवर (शटरचा मोड, कॅननला टीव्ही), शटर १/२५०, आयएसओ ऑटो, मर्यादा ६४०० पर्यंत नेली तरी चालेल. दाणे दिसतील, दिसू देत. दाणे आलेला फोटो आजीला दाखवता येतो, हललेला नाही. लावणी किंवा कोळीनृत्य असेल तर पायांसाठी १/५०० लागेल, पण तेवढा उजेड शाळेच्या स्टेजवर सहसा नसतो, मग मुद्रा धरून थांबतात त्या क्षणाला दाबायचं. तुम्ही घरी तिची प्रॅक्टिस शंभर वेळा बघितली असणार, कुठे थांबतात ते तुमच्याइतकं त्या भाड्याने आणलेल्या फोटोग्राफरलाही माहीत नाही.

आता झूम. तुमची लेन्स १८-५५ असेल तर तिच्यावर ३.५-५.६ लिहिलेलं बघा. म्हणजे १८ ला छिद्र ३.५ पर्यंत उघडतं आणि झूम करत ५५ ला गेलात की ५.६ च्या पुढे उघडतच नाही. फरक छोटा वाटतो पण उजेड जवळजवळ अडीच पटीने कमी होतो. म्हणून झूमपेक्षा पाय वापरा, अर्धा तास आधी जा आणि बाजूच्या रांगेत पुढची खुर्ची धरा, पर्स ठेवा, रुमाल ठेवा, डोंबिवलीकरांना जागा कशी धरायची हे मी काय सांगू.

मागे काळा पडदा आणि पोरींवर झगझगीत लाईट असेल तर वरच्या दादांचं उत्तर वाचा, इथे पडदा म्हणजे म्हैस, −१ करा. एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात फोटोवर आडवे काळसर पट्टे आले तर घाबरू नका, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर फार जलद असलं की ते सापडतं. शटर १/१०० वर आणा, पट्टे बहुतेक जातील. तेव्हा मात्र थांबलेल्या मुद्रेचाच फोटो काढायचा.

प्रश्न : हळदीचे फोटो निळसर फिके येतात, हळद पिवळी दिसतच नाही. मैत्रीण म्हणाली रॉमध्ये काढ. काढू का? — एक वाचक, पणजी

उत्तर : कॅमेऱ्याची रंगातलीही तीच खोड. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर असला आणि समोर हळद, पिवळी साडी, झेंडूची माळ असं सगळं एकदम आलं की त्याला वाटतं दिवाच पिवळा आहे, म्हणून तो निळं ओततो. दिवसा मांडवाच्या सावलीत असाल तर ऑटो सोडून शेड किंवा क्लाउडी लावा, काम झालं. रॉमध्ये (कॅमेऱ्याने रंगरूप पक्कं न केलेली कच्ची फाइल) हा रंग नंतर आरामात बदलता येतो हे खरं, पण प्रत्येक फोटो धुवायला बसावं लागतं आणि फाइलही मोठी, माझे २०१९ चे काही अजून तसेच पडून आहेत. पहिलं वर्ष जेपेगच (कॅमेऱ्यातून तयार निघणारा नेहमीचा फोटो) काढा. लग्नासारखं परत न येणारं काही असेल तेवढ्यापुरतं रॉ प्लस जेपेग.

प्रश्न : महिनाभरापासून कॅमेऱ्यात डोळा लावला की सगळं धूसर दिसतं, पण फोटो स्पष्ट येतात. दुकानदार म्हणतो सर्व्हिसिंगला टाका. — एक आजोबा, नाशिक

उत्तर : टाकू नका! डोळा लावता त्या खिडकीच्या शेजारी बोटाच्या पेराएवढं एक बारीक चाक असतं, ते चष्म्याच्या नंबरासाठी आहे. पिशवीत घासून फिरतं किंवा नातू फिरवतो. आत डोळा लावा, समोरचं दृश्य बघू नका, खिडकीतले आकडे बघा आणि ते ठसठशीत दिसेपर्यंत चाक फिरवा. चष्मा घालूनच फोटो काढत असाल तर चष्मा घालूनच फिरवा. नाहीच जमलं तर परत लिहा, आणि कॅमेऱ्याच्या मॉडेलचं नाव लिहायला विसरू नका.